ती सात वर्षं कोरी ठेवू नका : आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि व्यवस्थापन समिती,
आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ (यूसीआय),
एगल, स्वित्झर्लंड

विषय : लान्स आर्मस्ट्राँग प्रकरणात खरं बोलणाऱ्यांची तुमच्या दप्तरी नोंद होण्याबाबत

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,

२०२६ च्या जानेवारीत तुमच्या मान्यतेची बहुटप्पी शर्यत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून गेली. आमच्या सायकल क्लबातली बारा-पंधरा मुलं घेऊन मी सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभी होते. सायकलस्वारांचा घोळका आमच्यासमोरून गेला तो जेमतेम पंधरा सेकंदांत. त्या पंधरा सेकंदांवर मुलं आठवडाभर बोलत होती. मग त्यांनी टूर द फ्रान्सच्या विजेत्यांची यादी काढली आणि चौदा वर्षांच्या एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, पहिल्या महायुद्धात शर्यत झाली नाही, दुसऱ्या महायुद्धात झाली नाही, ते कळलं. १९९९ ते २००५ कुठलं युद्ध होतं?"

मी सांगितलं की युद्ध नव्हतं. शर्यत झाली होती, सातही वर्षं एकच माणूस जिंकला होता, अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग. त्याने उत्तेजकं घेतली होती हे सिद्ध झालं, म्हणून त्याचं नाव काढलं आणि ती जागा दुसऱ्या कुणालाच दिली नाही. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार होता : "मग तेव्हाच का नाही पकडलं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर तुमच्या संस्थेचं नाव घ्यावं लागतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

आधी माझा या सगळ्याशी संबंध काय, ते सांगते. २००५ साली माझा धाकटा भाऊ एकवीस वर्षांचा होता. त्याला वृषणाचा कर्करोग झाला. गाठ हाताला लागल्यावर तो चार महिने लाजेपोटी कुणाशी बोलला नाही. निदान झाल्यावर आमच्या घरानेही तेच केलं. आई शेजाऱ्यांना हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगायची. तेव्हा न्यू जर्सीतल्या मावसभावाने एका पाकिटातून आर्मस्ट्राँगच्या कर्करोग संस्थेचे, मनगटात घालायचे रबराचे दहा पिवळे पट्टे पाठवले आणि सोबत त्या सायकलपटूची सगळी हकिगत लिहिली. १९९६ मध्ये पंचविसाव्या वर्षी हाच आजार, फुप्फुसात आणि मेंदूपर्यंत पसरलेला, आणि तीन वर्षांत टूर द फ्रान्सचं विजेतेपद. भावाने तो पट्टा सलाइनच्या सुईशेजारीच हातात घातला. पुढच्या आठवड्यात काका भेटायला आले आणि नेहमीप्रमाणे हर्नियाबद्दल विचारू लागले, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, हर्निया नाही, मला वृषणाचा कॅन्सर झालाय." आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा. हे ऋण मी आजही नाकारत नाही.

केमोथेरपीत त्याचं हिमोग्लोबिन उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी ईपीओची इंजेक्शनं लिहून दिली. आपलं मूत्रपिंड जे संप्रेरक तयार करतं, तेच कारखान्यात बनवलेलं. शरीराला ते लाल पेशी वाढवायला लावतं. इंजेक्शन महाग होतं आणि थंड ठेवावं लागायचं. बर्फ भरलेला थर्मास मांडीवर धरून मी बसने दवाखान्यात जायचे. ज्याच्या रक्तात काही उरलेलं नाही त्याला जिना चढता यावा, यासाठी असलेलं ते औषध निरोगी माणसं डोंगर जिंकण्यासाठी शरीरात भरत होती, आणि ज्याच्या नावाचा पट्टा भावाच्या हातात होता तोही त्यांच्यातच होता, हे मला आठ वर्षांनी कळलं.

आता माझी चूक. २००५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या 'लेकिप' दैनिकाने छापलं, की आर्मस्ट्राँगच्या १९९९ च्या साठवलेल्या लघवीच्या नमुन्यांत ईपीओ सापडलं आहे. पुढच्या वर्षी बेट्सी अँड्रू यांची साक्ष बाहेर आली. त्या आर्मस्ट्राँगचे संघसहकारी फ्रँकी अँड्रू यांच्या पत्नी. १९९६ मध्ये इस्पितळाच्या खोलीत आर्मस्ट्राँगने डॉक्टरांना स्वतः घेतलेल्या उत्तेजकांची नावं सांगितली, ती आपण ऐकली, असं त्यांनी शपथेवर सांगितलं होतं. माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने ती बातमी मला दाखवली, तेव्हा मी भांडले. त्या बाईंना मत्सरी म्हटलं, खोटारडं म्हटलं. माझ्याकडे पुरावा होता तो तुमचा. २००६ च्या मे महिन्यात, तुम्हीच नेमलेल्या एमिल फ्राइमान या डच वकिलांच्या अहवालाने आर्मस्ट्राँगला निर्दोष ठरवलं होतं. जगातल्या सायकलिंगची सर्वोच्च संस्था सांगते म्हटल्यावर माझ्यासारखीने आणखी काय बघायचं?

१७ जानेवारी २०१३ ला दाखवलेल्या मुलाखतीत अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका ऑप्रा विन्फ्रे यांच्यासमोर बसून आर्मस्ट्राँगने एकेका प्रश्नाला 'हो' म्हटलं. ईपीओ? हो. रक्त काढून परत भरणं? हो. टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोन, वाढीचं संप्रेरक? हो. सातही विजयांत? हो. भाऊ आणि मी ते शेजारी बसून पाहिलं. भाऊ खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, औषधं घेतली ते एक वेळ समजेल. त्या बाईला इतकी वर्षं खोटं पाडलं, ते का?"

मलाही तेच सलतं. फसवणूक एका माणसाची आणि त्याच्या संघाची होती. पण खरं बोलणाऱ्याला खोटं पाडण्याचं काम अनेक हातांनी केलं आणि त्यांत तुमचा हात मोठा होता. मी हे ऐकीव बोलत नाही. तुमच्याच स्वतंत्र सुधारणा आयोगाने मार्च २०१५ मध्ये दिलेल्या सव्वादोनशे पानांच्या अहवालात ते आहे. तो अहवाल तुम्ही लपवला नाहीत, हे मी मोकळेपणाने मान्य करते. मुद्द्यावर येते.

पहिला मुद्दा १९९९ चा. त्याच्या पहिल्याच विजयी टूरमध्ये नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड आढळलं. नियमाप्रमाणे औषधाची चिठ्ठी आधी द्यायला हवी होती, ती दिलेली नव्हती. मग खोगिराच्या जखमेवरच्या मलमाची मागची तारीख घातलेली चिठ्ठी आली आणि तुम्ही ती चालवून घेतलीत. त्या वेळी ही जुळवाजुळव कानांनी ऐकणारी एक व्यक्ती होती : संघातल्या खेळाडूंना मसाज करणारी, त्यांचं खाणंपिणं, सामान बघणारी आयरिश तरुणी एमा ओ'रायली. तिने हे पत्रकार डेव्हिड वॉल्श यांना सांगितलं आणि २००४ मध्ये ते त्यांच्या पुस्तकात छापून आलं. त्यानंतर तिच्यामागे वकील लागले, तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले. तिच्यावर खटला भरला होता का, असं विन्फ्रे यांनी विचारलं तेव्हा आर्मस्ट्राँगचं उत्तर होतं की इतक्या जणांवर खटले भरले की नक्की आठवत नाही. हे वाक्य ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. तिचं आयुष्य उलटंपालटं झालं आणि ज्याने केलं त्याच्या लक्षातही ते राहिलं नव्हतं.

१९९९ च्याच टूरमध्ये क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच सायकलपटू होता. आदल्या वर्षी फेस्तिना संघाच्या गाडीत सीमेवर औषधांचा साठा सापडला, तेव्हा त्या संघात उत्तेजकं न घेणारा म्हणून त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याचं नाव घेतलं होतं. तो वृत्तपत्रात स्तंभ लिहून सांगत होता की काहीही बदललेलं नाही. चालू शर्यतीत आर्मस्ट्राँग त्याच्याजवळ गेला आणि हा खेळ सोडून जा म्हणाला. घोळक्यातलं कुणी त्याच्याशी बोलेना. थोड्याच दिवसांत त्याने शर्यत सोडली, आणि काही वर्षांत खेळही. शर्यतीच्या पंचांनी त्याच्यासाठी एक शब्द उच्चारला असता, तर?

२००४ मध्ये हे टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिलं. अठराव्या टप्प्यात इटलीचा फिलिप्पो सिमेओनी पुढे निघालेल्या सायकलस्वारांना गाठायला सुटला. एकूण वेळेच्या क्रमवारीत तो खूप मागे होता. तरी आघाडीवीराची पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्यामागे गेला, त्याला मागे यायला भाग पाडलं, आणि परत येताना कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. सिमेओनीचा गुन्हा एवढाच, की आर्मस्ट्राँगला मार्गदर्शन करणाऱ्या मिकेले फेरारी या डॉक्टरांविरुद्ध त्याने इटलीतल्या न्यायालयात साक्ष दिली होती. ती खूण पाहून मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. साक्षीदाराला सगळ्या जगासमोर धमकावलं गेलं, आणि ते तुमच्या नियमांखाली चाललेल्या शर्यतीत.

पैशाबद्दल थोडक्यात. शर्यती खेळणाऱ्या माणसाकडून तुम्ही देणगी घेतलीत : २००२ मध्ये २५,००० डॉलर, पुढे आणखी १,००,००० डॉलर. त्या बदल्यात नमुना दडपल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही, हेही मी सांगते, कारण ते खरं आहे. पण ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून पैसे घ्यायचे, हे आमच्या गावच्या कुस्तीच्या आखाड्यातला पंचसुद्धा करणार नाही.

मग फ्राइमान अहवाल, ज्याच्या जोरावर मी भांडले. त्याच्या लेखनात आर्मस्ट्राँगच्या वकिलांचा हात होता, असं तुमचाच आयोग सांगतो. २००९ मध्ये पुनरागमनाच्या वेळी सहा महिने चाचणीकक्षेत असण्याचा नियम होता. त्यात तेरा दिवस कमी पडत होते, ते तुम्ही त्याला माफ केलेत.

सगळ्यांत जड मुद्दा शेवटी सांगते. खरं बोलणाऱ्यांवर तुम्ही स्वतः खटले भरलेत. पत्रकार पॉल किमेज यांना तुमच्या संस्थेने आणि तुमच्या दोन अध्यक्षांनी, हाइन व्हरब्रुगन आणि पॅट मॅकक्वेड यांनी, स्विस न्यायालयात खेचलं. जगभरच्या सायकलप्रेमींनी वर्गणी काढून त्यांच्या वकिलाचे पैसे उभे केले. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल १० ऑक्टोबर २०१२ ला आला, २६ जणांच्या साक्षी आणि हजारावर पानांचा पुरावा घेऊन. तोवर हा खटला उभा होता आणि त्यानंतर तो तुम्हाला थांबवावा लागला. त्याच महिन्यात मॅकक्वेड यांनी साक्ष देणाऱ्या टायलर हॅमिल्टन आणि फ्लॉइड लँडिस या आर्मस्ट्राँगच्या जुन्या संघसहकाऱ्यांना जाहीरपणे शिवी दिली. ते दोघे स्वतः दोषी होते आणि कित्येक वर्षं खोटं बोलले होते, हे खरं. पण बोलायला लागल्यावर मिळालं काय? शिवी. आणि कबुलीनंतरच्या दोन आठवड्यांतच, जानेवारी २०१३ अखेर, तुमच्या कारभाराची चौकशी करायला नेमलेला आधीचा, वेगळा स्वतंत्र आयोग तुम्हीच बरखास्त केलात.

कबुलीनंतर कायद्याने काय केलं तेही पाहा, कारण माझी मागणी तिथूनच निघते. संडे टाइम्सने २००६ मध्ये बदनामीच्या खटल्यात तडजोड करून ३ लाख पौंड दिले होते. नंतर त्यांनी उलट दावा केला आणि २०१३ मध्ये तडजोडीने पैसे मिळवले. विजयाच्या बक्षिसाचा विमा उतरवणाऱ्या एससीए कंपनीने २००६ मध्ये ७५ लाख डॉलर मोजले होते. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल २०१५ मध्ये लवादाने आर्मस्ट्राँगला १ कोटी डॉलर द्यायला सांगितलं. अमेरिकेच्या टपाल खात्याने संघासाठी सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर खर्च केले होते. सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीत वाटा देणारा एक जुना कायदा तिथे आहे, त्याखाली लँडिसने २०१० मध्येच दावा लावला होता. २०१३ मध्ये सरकार त्यात उतरलं. तिप्पट भरपाईचा हिशेब १० कोटी डॉलरच्या जवळ जात होता. एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांवर तडजोड झाली. त्यातले ११ लाख लँडिसला मिळाले आणि वकिलांचा खर्च वेगळा. फौजदारी चौकशी तर कबुलीच्या आधीच, फेब्रुवारी २०१२ मध्ये, आरोपपत्राविना बंद झाली होती.

ज्यांच्याकडे करारनामा होता, त्यांना कायद्याने काही ना काही परत मिळवून दिलं. बासोंने ज्या शर्यती धावल्याच नाहीत, त्यांचा करारनामा कुठे असतो? एमा ओ'रायलीच्या झोप उडालेल्या रात्री कुठल्या पावतीवर लिहायच्या? टूर तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांनी २००१ मध्ये आर्मस्ट्राँगच्या फेरारींशी असलेल्या संबंधांबद्दल नुसती खंत व्यक्त केली, तर त्यांना जाहीर माफी मागायला लावली. त्या मानभंगाचं मूल्य कोणता लवाद ठरवणार? कायदा जिथे पोचत नाही तिथे खेळाची संस्था पोचू शकते. ते काम तुमचं आहे.

तुम्ही २२ ऑक्टोबर २०१२ ला आजन्म बंदी मान्य केलीत, तेव्हा तुमच्या अध्यक्षांनी सांगितलं की आर्मस्ट्राँगला सायकलिंगमध्ये जागा नाही, त्याला विसरून जाणंच योग्य. चार दिवसांनी ती सात विजेतेपदं कुणालाही न देण्याचा निर्णय झाला. विजेतेपदं न देणं मला पटतं. त्या काळात मागचा नंबरही किती स्वच्छ होता, कोण सांगणार? विसरून जाण्याचा सल्ला मात्र मला मान्य नाही. त्याला विसरलं की बासोंही विसरला जातो, सिमेओनीही. कोऱ्या जागेकडे बघून चौदा वर्षांच्या मुलाला युद्ध आठवतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

हे इथे पुण्यात बसून का लिहायचं, असं कुणी विचारेल. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. इतक्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त आहे. आमच्या क्लबातल्या मुलांना उद्या कुणीतरी कुठल्यातरी खोलीत सुई दाखवणार आहे. तेव्हा ती मुलं कुणाला सांगतील, आणि सांगितल्यावर त्यांचं काय होईल, याची मला काळजी वाटते.

आज पदावर असलेल्या तुमच्यापैकी अनेक जण त्या काळात निर्णय घेणाऱ्या खुर्चीत नव्हते, हे मला ठाऊक आहे. चाचण्यांचं काम २०२१ पासून तुम्ही आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेकडे सोपवलंत, हेही चांगलं केलंत. पण माणसं बदलली तरी दप्तर संस्थेचंच असतं. म्हणून माझ्या मागण्या :

१. १९९९ ते २००५ या कोऱ्या जागेसोबत तुमच्या अधिकृत नोंदींत एक कायमचं पान जोडा. काय घडलं, कोण बोललं, बोलल्यावर त्यांचं काय झालं आणि त्यात महासंघाने काय चुकीचं केलं, हे त्यावर नावांनिशी लिहा.

२. क्रिस्तोफ बासों, फिलिप्पो सिमेओनी, एमा ओ'रायली, बेट्सी आणि फ्रँकी अँड्रू, ग्रेग लेमाँड, पॉल किमेज यांना अध्यक्षांच्या सहीचं माफीपत्र पाठवा आणि ते प्रसिद्ध करा. आधी कुणाशी तोंडी किंवा खाजगीत बोलणं झालं असेल, तर तेही कागदावर आणा.

३. उत्तेजकांबद्दल बोलणाऱ्या खेळाडूवर, मदतनिसावर किंवा पत्रकारावर महासंघ आणि त्याचे पदाधिकारी बदनामीचा दावा लावणार नाहीत, हे घटनेत लिहा.

४. खेळाडू, संघ आणि त्यांच्या संस्थांकडून एक पैसाही देणगी घेणार नाही, हे तिथेच लिहा. कुणालाही नियमातून सूट दिली तर त्याच दिवशी कारणासह जाहीर करा.

५. उत्तेजकांच्या दंडातून येणाऱ्या रकमेचा ठरावीक वाटा, खरं बोलल्यामुळे काम गमावणाऱ्यांसाठी राखून ठेवा. त्यात मसाज करणारे, मेकॅनिक, गाडी चालवणारे आधी येऊ द्या. सगळ्यांत जास्त तेच पाहतात आणि सगळ्यांत आधी त्यांचीच नोकरी जाते.

६. तुमच्या मान्यतेची शर्यत जिथे होईल, तिथल्या कुमार खेळाडूंना त्यांच्या भाषेत सांगा की कुणी सुई किंवा गोळी पुढे केली तर कुठे कळवायचं. पुण्यात पुन्हा शर्यत आली तर ते मराठीत हवं. भाषांतर लागेल ते आमचा क्लब विनामूल्य करून देईल.

माझा भाऊ आता चाळिशीत आहे आणि ठणठणीत आहे. पिवळा पट्टा त्याच्या आजारपणाच्या फायलीत, रिपोर्टांच्या मागे ठेवलेला आहे. तो टाकून द्यावा असं आम्हां दोघांनाही कधी वाटलं नाही, आणि हातात घालावा असंही नाही. बेट्सी अँड्रू यांना मी जे म्हटलं, त्याबद्दल मी इथे, सर्वांसमोर, त्यांची माफी मागते.

या पत्राला तुमचं उत्तर आलं तर मी ते मराठीत करून क्लबच्या फळ्यावर लावीन. त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. पुढच्या रविवारी सिंहगडावरून परत आल्यावर सांगते, असं म्हटलं आहे.

आपली,
एक सायकलस्वार आणि एका रुग्णाची बहीण,
पुणे